जोड की रबर, वन्सं?

वन्सं, कावळा शिवला नाही.

तुमच्या दहाव्याला आम्ही कॅनडातल्या थंडीत लेकच्या काठावर काकडत उभे होतो. तुमचा भाऊ, तुमची भाची, मी आणि गुरुजी. गुरुजी मार्कहॅमला सॉफ्टवेअरमध्ये आहेत, त्या दिवशी ‘वर्क फ्रॉम होम’ टाकून आले होते आणि त्यांचा लॅपटॉप गाडीच्या पुढच्या सीटवर उघडाच होता. दर्भ, तीळ, भाताचे पिंड, सगळं यथासांग. फक्त जिथे पान मांडलं त्याच्या डोक्यावरच पार्कवाल्यांची पाटी होती, की पक्ष्यांना खायला घालू नका. अरुण त्या पाटीकडे पाठ करून उभा राहिला. उभ्या जन्मात ज्याला पार्किंगचा दंड झाला नाही, तो बहिणीसाठी कायदा मोडत होता. मला हसू फुटलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. तुम्ही असतात तर खुशाल हसला असतात.

कावळा होता, बरं का. पार्किंगमधल्या दिव्याच्या खांबावर बसला होता, चांगला गलेलठ्ठ. पण तो काही हलेना. सीगल मात्र थव्यानं आले. गुरुजी उपरणं फडकावून त्यांना हाकलत होते आणि मला सांगत होते, “काकू, सीगल नाही चालत हो!” जणू मीच त्यांना आवतण दिलं होतं.

मग गुरुजी म्हणाले, की त्यांची काही इच्छा राहिली असेल, तुम्ही शब्द द्या. अरुण पुढे झाला. “ताई, तुझ्या कॉन्डोतली झाडं मी जगवीन. रोज जाईन पाणी घालायला.” कावळा जागचा हलला नाही. मग आमची गौरी, चाळिशी उलटलेली, नॉर्थ यॉर्कच्या ऑफिसात माणसांवर हुकूम सोडणारी, हात जोडून लहान पोरीसारखी म्हणाली, “आत्या, आय प्रॉमिस, मी आईबाबांकडे बघेन. लाइक, प्रॉपर्ली.” कावळ्यानं मान वळवली, ती रस्त्याकडे. गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. “काकू, तुम्हाला काही बोलायचंय? काही राहिलंय?”

मी म्हणाले, “माझे पाय गारठलेत. दर्भाचा कावळा करा आणि आटपा.”

त्यांनी दर्भाची काडी वळून कावळा केला, पिंडाला लावला, शास्त्र पूर्ण झालं. आणि मी गाडीत जाऊन बसले, हीटर लावला, आणि ढसाढसा रडले. कारण काय राहिलं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. तुम्ही मला एक प्रश्न विचारला होतात आणि मी त्याचं उत्तर दिलं नव्हतं. जिवंत होतात तेव्हाही नाही, आणि कावळा समोर बसला होता तेव्हाही नाही.

“नलू, तुला या देशात आणलं, ते चुकलं का गं माझं?”

हा तो प्रश्न. आमच्या बेसमेंटमध्ये, शनिवारी, आइस हॉकीची मॅच चालू असताना तुम्ही विचारलात. अरुण वर चहा करायला गेला होता. तुम्हाला नुकताच हार्टचा पहिला झटका येऊन गेला होता, बारीकसाच, पण तुमची ऐट जरा उतरली होती. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. टीव्हीकडे बघत विचारलंत, हातातल्या चिवड्यातले शेंगदाणे निवडत. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं वन्सं, काय बोलणार होते कोण जाणे, पण उघडलं होतं. आणि तेवढ्यात तो गोल झाला.

तो गोल तुम्हाला तोंडपाठ आहे, तरी पुन्हा सांगते, कारण दर वेळी सांगताना आपण दोघी त्यात आपापल्या सोयीचं काहीतरी घुसडायचो. त्यांच्या एका खेळाडूनं मधल्या रेषेजवळून पक, ती रबराची काळी चकती, बर्फावरून नुसता भिरकावला. गोलवर मारलाही नव्हता, कोपऱ्यात ढकलून दिला होता, नंतर बघू म्हणून. मैदानाभोवतीच्या काचेला घासत घासत तो कोपऱ्यातून वळणार आणि गोलच्या मागून जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. म्हणून आपला गोलकीपर जाळं सोडून मागे गेला, पक अडवायला. आणि पक मागे आलाच नाही! कोपऱ्यात कशाला तरी थडकला, काटकोनात उडाला आणि सुमडीत गोलच्या समोर येऊन पडला. जाळं उघडं. त्यांच्यातल्या एकानं चालता चालता ढकलला आत. आपली टीम हरली, सीझन संपला.

मी किंचाळले. तुम्ही टीपॉयवर मूठ आपटलीत. चिवडा कार्पेटवर. अरुण चहाचा ट्रे घेऊन धावत खाली आला, त्याला वाटलं तुम्हाला पुन्हा काहीतरी झालं.

“जोड!” तुम्ही ओरडलात. “काचेच्या जोडाला लागला!”

“रबर!” मी म्हणाले. “पक गरम झाला होता, केव्हाचा बदलला नव्हता!”

झालं. तिथून जो वाद सुरू झाला तो तुम्ही गेलात तोवर मिटला नाही. आणि त्या वादाखाली तुमचा प्रश्न दडपला गेला. दडपला गेला काय, मी दडपला.

तुमचं सगळं आयुष्य जोडांमध्ये गेलं. नागपूरहून सिव्हिलची डिग्री घेऊन एकटी बाई इथं आलात, आणि कंपनीनं तुम्हाला काय दिलं तर पार्किंग गॅरेजेस. काँक्रीटच्या दोन स्लॅबमध्ये जी फट ठेवतात, तिच्यातून मिठाचं पाणी कसं झिरपतं आणि आतल्या सळया कशा खातं, हे तुम्ही निवृत्त होईपर्यंत शोधत राहिलात. कुठल्याही मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी लावली की तुमची नजर आधी छताला. “हे बघ, गळून राहिलं,” असं म्हणून मला भर थंडीत उभं करायच्या. तुमच्या लेखी जगातली प्रत्येक भानगड जोडापाशीच सुरू होते. गुडघे बदलायची वेळ आली तेव्हा डॉक्टरलाही सुनावलंत, की मला वाटलंच होतं, सांधेच आधी जाणार.

आणि मी रबरवाली. पुण्याजवळच्या टायर फॅक्टरीत लॅबमध्ये होते लग्नाआधी आणि नंतरही, इथं यायला निघेपर्यंत. पक म्हणजे शेवटी काय, टायरचा सख्खा भाऊ. रबर थंड असलं की निपचित पडतं, गरम झालं की उसळतं. म्हणून तर मॅचच्या आधी पक फ्रीझरमध्ये ठेवतात आणि खेळून खेळून गरम झाला की बदलतात. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही मान डोलावलीत आणि म्हणालात, “ते ठीक आहे, पण उसळणं वेगळं आणि वळणं वेगळं. भिंत सपाट असेल तर गरम पक जास्त लांब येईल. दिशा नाही बदलणार. दिशा बदलायला काहीतरी आडवं यावं लागतं.”

रीप्ले बघून निकाल लागला असता, पण नशीब बघा. कोपऱ्यातल्या काचेमागं कोणीतरी दांडगा माणूस उठून उभा राहिला होता आणि त्याचा हात नेमका जोडाच्या समोर. आपण किती वेळा तो तुकडा बघितला! अरुण रिमोट घेऊन बसायचा आणि आपण दोघी टीव्हीला नाक लावून. “हात बाजूला घे रे बाबा,” तुम्ही त्या माणसाला सांगायच्या.

पुढे पुढे वादाला नवीन नवीन फाटे फुटले. मी म्हणायची, पक उभा घरंगळत आला असेल, कडेवर चालणारा पक कुठंही वळतो. तुम्ही म्हणायच्या, मग बर्फातल्या खाचेला का नाही दोष देत? खेळाचा पिरियड संपत आला की बर्फाचा भुगा साठतो, खाचा पडतात, पक उड्या मारतो, ते तर गौरीही सांगेल. गौरीला तुम्हीच स्केटिंग शिकवलंत ना! ती अजून आठवड्यातून एकदा बायकांच्या लीगमध्ये खेळते. तिला विचारलं तर ती म्हणायची, “यू गाइज, इट्स जस्ट अ बॅड बाउन्स. लेट इट गो.” या पोरांना सगळं लेट गो करता येतं.

पण खरं सांगू? मला तो वाद सोडवायचाच नव्हता. वाद चालू होता तोवर तुमचा प्रश्न वर येत नव्हता.

तुम्ही किती शहाण्या, तुम्हाला हे कळलं नसेल असं मला वाटत नाही. दुसऱ्यांदा तो प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. मात्र त्यानंतर सुरू केलंत, “नलू, चल, रिंकवर जाऊ. एक थंड पक नेऊ, एक गरम नेऊ, गौरीला मारायला सांगू. काय तो निकाल लावू.” दुपारी आपापली स्टिक आणि पक घेऊन कोणालाही बर्फावर जाता येतं, त्या वेळेची चौकशीही करून आलात. माझ्या डीप फ्रीझरमध्ये दोन पक ठेवून गेलात. मी अट घातली, की फ्रीझरमधला थंडगार पक जोडावरून उडून गोलसमोर आला तर मी हरले. तुम्ही म्हणालात, मंजूर. आणि मी? आधी म्हटलं, तुमचे गुडघे होऊ देत. मग म्हटलं, हा विंटर जाऊ दे, तिथल्या पायऱ्यांवर घसरलात तर? मग आम्ही इंडियाला गेलो. मग म्हटलं, आता पाहुणे आहेत. तुम्ही दर वेळी “बरं” म्हणालात. तुमचं ते “बरं” आता माझ्या कानातून जात नाही.

रिंकवर काय होणार होतं, मला ठाऊक होतं. गौरी बर्फावर, आपण दोघी काचेमागं बाकावर, समोर टीव्ही नाही, चहा नाही, अरुण नाही. निकाल लागला असता आणि मग गप्प बसावं लागलं असतं. त्या शांततेत तुम्ही पुन्हा विचारलं असतंत. त्याची मला धडकी भरली होती.

आता तुम्ही म्हणाल, एवढं घाबरायला काय झालं होतं? हो किंवा नाही, एवढंच तर बोलायचं होतं. तेच तर अवघड होतं ना वन्सं!

सुरुवातीच्या वर्षांत विचारलं असतंत तर मी तोंडावर “हो” म्हटलं असतं. तुम्ही पत्र पाठवून अरुणच्या डोक्यात भरवलंत, स्पॉन्सर केलंत, आणि माझी लॅब सुटली. इथं आले तर कॅनेडियन एक्स्पीरियन्स नाही म्हणून कोणी दारात उभं करेना. एअरपोर्टजवळच्या वेअरहाऊसमध्ये खोकी चिकटवायची मी, एम.एस्सी. झालेली बाई. घरी येऊन अरुणशी भांडायची आणि मनात तुमच्या नावानं बोटं मोडायची. तुम्ही मला हसत म्हणायच्या, “वन्सं काय म्हणतेस, प्रमिला म्हण, कॅनडा आहे हा.” मी मुद्दाम वन्सं म्हणत राहिले. नणंद ती नणंद, जवळ येऊ द्यायचं नाही, असं ठरवलं होतं मी.

आणि मग अण्णा गेले. माझे वडील, साताऱ्याला. फोन आला तेव्हा बाहेर ब्लिझर्ड, बर्फाचं वादळ चालू होतं, एअरपोर्ट बंद, बस बंद. अरुण कामावर अडकलेला. मी घरात एकटी, मांडीवर गौरी, आणि मला वडिलांचं तोंड बघायला मिळणार नव्हतं. त्या दिवशी मला तुमचा जेवढा राग आला तेवढा कधी कोणाचा आला नाही. वाटलं, हिच्यामुळे. हिच्याचमुळे.

आणि संध्याकाळी बेल वाजली. दारात तुम्ही! भुवया पांढऱ्या झालेल्या, पॅन्ट मांड्यांपर्यंत ओली. चालत आला होतात त्या बर्फातून, हातात वरणभाताचा डबा. तुम्ही ‘सॉरी’ म्हणाला नाहीत, धीर धर म्हणाला नाहीत. गौरीला घेतलंत, तिला भरवलंत, झोपवलंत. मग माझ्या शेजारी येऊन बसलात आणि टीव्ही लावलात, आवाज बंद करून. हॉकीची मॅच होती. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एक काळी चकती आणि तिच्यामागं धावणारी दांडगी माणसं. बऱ्याच वेळानं मी विचारलं, “हे असं कसं उडालं हो ते?” दिवसभरात मी बोललेलं पहिलं वाक्य ते. आणि तुम्ही सांगायला लागलात, की भिंतीच्या खाली पिवळी पट्टी असते, तिच्यावर लागला की वर उडतो, काचेला लागला की असा येतो, जोडाला लागला की काही खरं नाही. हळू आवाजात, गौरी उठू नये म्हणून. मी ऐकत राहिले आणि रडत राहिले. तुम्ही माझ्याकडे न बघता पक बघत राहिलात आणि सांगत राहिलात.

अशी आपली हॉकी सुरू झाली. लोकांना वाटतं आपल्याला खेळाचं वेड. आपल्याला एकमेकींशी बोलता येत नव्हतं, म्हणून आपण पकाशी बोलत होतो.

तुमच्या हाताला धरून मी इथलं सगळं शिकले. दारातला बर्फ शोव्हल कसा करायचा, पाठ न मोडता. विंटर टायर कधी चढवायचे. गॅस्केट बनवणाऱ्या त्या कंपनीत रबरातलं कळणारी बाई हवीय, हे तुम्हीच ऐकून आलात आणि मला अप्लाय करायला लावलंत. इंटरव्ह्यूला घेऊन गेलात आणि तासभर गाडीत बसून राहिलात. लॅबचा पांढरा कोट मला पुन्हा मिळाला तो तुमच्यामुळे. मी त्या दिवशीही तुम्हाला ‘थँक्यू’ म्हटलं नाही. म्हटलं काय, तर “हीटर चालू ठेवायचात की, गारठला असाल.”

मग माझ्याजवळ तुमच्या प्रश्नाचं काय उत्तर होतं? “नाही चुकलं” एवढंच म्हटलं असतं तर ते अर्धं झालं असतं. पुरतं सांगायचं तर आधी सांगावं लागलं असतं, की कितीतरी वर्षं मी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. आजारातून उठलेल्या बाईला हे कसं सांगायचं? म्हणून म्हटलं, बघू पुढे. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दुपारी तुम्ही माझा हात धरला होतात. तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. डोळ्यांनी तुम्ही काहीतरी विचारत होतात आणि मी काय बोलले? “वन्सं, काल आपली टीम जिंकली.” तुम्ही मान हलवलीत. काय म्हणावं माझ्या कर्माला!

तेराव्याचं सांगते. स्वयंपाक घरीच करायचं ठरलं होतं. मी अरुणला म्हटलं, बेसमेंटमधून खवलेला नारळ आण. तुम्हाला आपला फ्रीझर माहीत आहे. आइस्क्रीमच्या डब्यात मटार, दह्याच्या डब्यात पुरण, डब्यावर जे छापलंय ते सोडून आत काहीही. अरुण एक डबा घेऊन आला, ओट्यावर ठेवला आणि सुरी घालून उघडला. आत नारळ नव्हता. दोन पक होते, पांढरं दव धरलेले.

तो बघतच राहिला. तुम्ही गेल्यापासून तो एकदाही रडला नव्हता, वन्सं. अग्नी दिला, फोन केले, सगळं केलं, पण डोळ्यांत टिपूस नाही. ते दोन काळे तुकडे हातात घेतले आणि तुमचा भाऊ स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून हुंदके द्यायला लागला. “ताई म्हणायची, नलूला एकदा ने रे रिंकवर. मी म्हणायचो, तुमचं तुम्ही बघा.” मी त्याच्याजवळ बसले. ओट्यावर कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, कोणी मोजल्या नाहीत, वरण पार लगदा झालं. पाहुण्यांनी मुकाट्यानं खाल्लं.

पाहुणे गेल्यावर मी गौरीला म्हटलं, उद्या दुपारी सुट्टी काढ, रिंकवर जायचंय.

“व्हाय?”

“आत्याला शब्द दिलाय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गाडी घेऊन आली. एक पक बर्फाच्या पिशव्यांमध्ये गुंडाळून डब्याच्या बॅगेत घातला. दुसरा मी कोटाच्या आत, काखेत धरला, ऊब राहावी म्हणून. गाडीत बसले तेव्हा वाटलं, तुम्ही मागच्या सीटवर आहात आणि गौरीला सांगताय, “हळू घे गं, बर्फ आहे.”

रिंक जवळजवळ रिकामी होती. मी तुम्ही म्हणाला होतात त्याच बाकावर बसले, काचेमागं. गौरीनं आधी साध्या भिंतीवर मारून दाखवला. थंड पक धप्पकन लागला आणि जरासा येऊन थांबला, झोपेतून उठवल्यासारखा. मग माझ्या काखेतला मारला. तो टणकन उसळून पार मधल्या रेषेपर्यंत आला. मी टाळीच वाजवली. तुमच्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हटलंसुद्धा, “बघा, रबर!”

मग तिनं थंड पक पुन्हा पिशवीत घालून गार केला, मधल्या रेषेवर गेली आणि कोपऱ्याच्या काचेवर मारायला लागली. घासत घासत तो गेला, वळला, गोलच्या मागून निघून गेला. पुन्हा मारला, पुन्हा तेच. पुन्हा गार केला. मी मनात म्हटलं, चला, मी जिंकले. आणि मला जिंकायचं नव्हतं, वन्सं. मी काचेला हात लावून म्हणत होते, लाग की रे मेल्या, लाग एकदा त्या जोडाला.

आणि लागला. ठक्क असा आवाज आला, काच थरथरली आणि पक काटकोनात वळून गोलच्या समोर येऊन पडला. थंडगार, निपचित पक. अगदी तिथेच, जिथे त्या दिवशी पडला होता.

गौरीनं दोन्ही हात वर केले. “आई! आत्या वॉज राइट!”

“हो,” मी म्हणाले, “आत्याचंच बरोबर होतं.”

हरले मी. मंजूर. पक जोडालाच लागला होता, गरम असो की थंड. आणि निकाल लागलाच आहे तर दुसरंही ऐका. नाही चुकलं तुमचं, वन्सं. राग होता, खूप होता, पण तुम्ही त्या बर्फातून डबा घेऊन आलात त्या संध्याकाळपासून तो उतरत गेला, आणि कधी संपला ते मला कळलंसुद्धा नाही. तुम्ही आणलंत म्हणून मी इथं आले आणि तुम्ही होतात म्हणून टिकले. हे मी तिथे, त्या बाकावर बसून मोठ्यानं बोलले. माझा आवाज त्या रिकाम्या रिंकमध्ये घुमला आणि परत माझ्याकडेच आला.

गौरी स्केट करत काचेजवळ आली होती. तिनं सगळं ऐकलं. हेल्मेट काढलं. मग मी तिला तो प्रश्न सांगितला, कधी विचारलात, काय म्हणालात, सगळं सांगितलं.

“आई,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले होते, “व्हाय डिडन्ट यू जस्ट टेल हर?”

मी म्हटलं, “मॅच चालू होती गं.”